जपानी खुराडं

धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या पदरात काय काय पडू शकतं, याचा हिशोब मला तोंडपाठ आहे. अंगभर कपडे, तुपात बुडालेले पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे आणि सासरा दिलदार असला तर चांदीची एखादी वस्तू. अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, त्यामुळे शहाणा जावई काय मागायचं ते आधीच ठरवून ठेवतो. भोरला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. येणारं गिऱ्हाईक रोखीचं की उधारीचं, हे मी त्याच्या चपलांच्या आवाजावरून सांगतो! मला फसवणारा माणूस अजून भोर तालुक्यात जन्माला यायचाय, असं मी त्या दिवसापर्यंत मानत होतो.

तर आम्ही दोघे जावई राजगडाखाली गुंजवण्याला सासऱ्यांच्या ओसरीवर पाटावर बसलो होतो. मी थोरला जावई. मला चांदीची वाटी मिळालेली, तिचं वजन मी हातात धरताक्षणीच करून टाकलेलं. शेजारी माझा साडू धनाजी.

"मागा धनाजीराव," आमचे सासरे चिमाजीमामा म्हणाले. "लाजू नका. काय पायजे?"

धनाजीने अंगणाकडे बोट केलं. "मामा, मला ते खुराडं द्या."

स्वयंपाकघरात कुणाच्या तरी हातून पळी पडली. मी इतका हसलो, की धोंडा नाकातून परत येतो की काय असं झालं!

या धनाजीचं सारोळ्याला हायवेच्या पुलाजवळ टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. ढेरपोट्या टीव्हीच्या काळात तिथं रांग लागायची. पुढे टीव्ही भिंतीला चिकटले, आणि बिघडले की लोक ते फेकायला लागले. आता त्याच्याकडे मिक्सर येतात, आणि तेही आजूबाजूच्या बायका "बघा जमलं तर" म्हणून ठेवून जातात. दिवाळीपर्यंत बघायचं, नाहीतर दुकानाला कुलूप लावून शिरवळला कंपनीच्या गेटवर वॉचमन व्हायचं, हे पक्कं झालं होतं. गणवेशाचं मापसुद्धा देऊन आला होता बिचारा. अशा माणसानं चांदी सोडून खुराडं मागावं!

"आमच्या घरी काय दळिद्र आलंय का?" मामांचा आवाज चढला. "जावयाला खुराडं दिऊ?"

दारातून बाळाबाईमामींनी मामांना खूण केली. "आवो, वरडताय कशाला? त्यास्नी कोंबडी खायची आसंल. अधिक म्हयना हाय, त्वांडानं कसं सांगत्याल?"

"मामी, कोंबड्या नकोत!" धनाजी घाईघाईने म्हणाला. "नुसतं खुराडं द्या."

"बिनकोंबडीचं? मग त्यात काय, तुमी बसनार?" मामी म्हणाल्या.

मामांनी डोकं खाजवलं. मग त्यांना एकदम सुचलं. "अधिकाचं वाण जाळीचं लागतं. अनारसं, बत्तासं, समदं भोकाभोकाचं. व्हय का न्हाई? आन खुराड्याला जाळी हायच! म्हंजी शास्त्रात बसतंय." जरा थांबून ते म्हणाले, "पन द्यायचं कसं? ते आपलं न्हाईच. जत्रंत खेळवाला आला व्हता, त्याची ठेव हाय. पुढल्या जत्रंला नेतो म्हनून ठिवून गेला."

"मामा, त्याला तीस वर्षं झाली!" मी म्हणालो.

"झाली आसत्याल. कंच्या पुढल्या जत्रंला, ते त्यानं सांगितलं न्हवतं, म्याबी इचारलं न्हवतं. धनाजीराव, दुरुस्त करा, वापरा. पर ठेव ह्या अंगणातनं हालायची न्हाई."

धनाजी जागचा उठला आणि त्यानं मामांचे पाय धरले. तेव्हा माझं हसू थांबलं. खुराड्यासाठी कुणी पाय धरत नाही. याला काहीतरी माहीत होतं!

जेवणं झाल्यावर मी त्याला अंगणाच्या कोपऱ्यात गाठला. "साडू, बोल. खुराड्यात काय आहे?"

त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि खुराड्यावरचं गोणपाट वर केलं. आतून माणसाच्या उंचीची एक लाकडी पेटी निघाली. वरचा भाग पुढे झुकलेला, पोटाशी फळी, फळीवर एक दांडा आणि चार बटणं, आणि धुळीमागे एक भलीमोठी काच.

"व्हिडिओ गेम!" माझ्या तोंडून निघालं. भोरला एसटी स्टँडमागे असल्या पेट्यांसमोर आम्ही शाळा बुडवून उभे राहायचो. खिशात पैसे नसायचे, म्हणून दुसऱ्याचा खेळ संपेपर्यंत बघायचो. आणि इथं त्याच्या खालच्या कप्प्याला जाळी ठोकून मामींनी कोंबड्या कोंडल्या होत्या!

"पुण्यात गायत्रीमॅडम आहेत," धनाजी कुजबुजला. "जुन्या पेट्या शोधतात, नीट करतात, लोक त्या बघायला तिकीट काढून येतात. मी फोन केला होता. त्या म्हणाल्या, अशा बहुतेक पेट्या इथल्याच सुतारांनी ठोकलेल्या असतात, त्यांना कुणी विचारत नाही. पण अस्सल जपानी निघाली, तर मागाल ते. दुकान वाचलं म्हणून समजा. एवढी रक्कम ऐकली की मामांचा शब्दही फिरेल."

"आणि ही जपानी कशावरून?"

त्यानं मोबाईलची बॅटरी पेटीच्या कुशीवर धरली. हिरव्या रंगात उमटलेली ओळच्या ओळ अक्षरं होती. तीन रेघा पुढे, एक मागे. पुन्हा तीन पुढे, एक मागे. काही ठळक, काही पुसट, मध्येच एखादं तिरकं. मी बघतच राहिलो. कुठं जपान, कुठं राजगडाचा पायथा! कुणा कारागिरानं बोटीत बसवण्याआधी पेटीवर काय लिहून ठेवलं असेल! अक्षर कळत नव्हतं, पण किंमत कळत होती.

"निम्मा हिस्सा माझा," मी म्हणालो.

"कशाबद्दल?"

"रंग, स्क्रू, पॉलिश पेपर, सगळं माझ्या दुकानातलं."

धनाजीने माझ्या वरच्या खिशाकडे बघितलं. "त्यात ती वाटीपण घाला. बापानं नवऱ्याला खुराडं दिलं म्हणून रत्ना मघापासून बोलत नाहीये. तिला दाखवायला हातात काहीतरी पाहिजे."

उधारीवर वायसरसुद्धा न देणारा मी! पण जपानी अक्षरांपुढं चांदीची वाटी ती काय? दिली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती सुरू झाली आणि लगेच अडली. पेटीच्या पोटात, नाणी पडायच्या लाकडी खोक्यात, एक तांबडी कोंबडी बसली होती. खुडूक! अंड्यांवर पसरून, डोळे वटारून.

"तिला उठवायची न्हाई," मामींनी बजावलं. "पिल्लं निघंस्तवर तिथंच ऱ्हायील. तुमी वरचं काय ते करा."

"मामी, खालच्या कप्प्यात वायरी आहेत!"

"असू द्यात. ती वायरी खात न्हाई."

मग धनाजीने वरून दुरुस्ती केली. आणि इथं मला खरं सांगायला हवं. मी त्याला इतकी वर्षं मिक्सरवाला समजत होतो. उंदरांनी कुरतडलेल्या वायरींच्या गुंत्यात त्याची बोटं अशी फिरत होती, जशी मामींची तांदूळ निवडताना फिरतात. मामांना कुणीतरी दिलेला दातांचा ब्रश, मामा मिश्री लावतात म्हणून कोराच होता. त्यानं त्या ब्रशने बोर्डावरची तीस वर्षांची विष्ठा धुऊन काढली. खाली सोन्यासारखे पिवळे पाय असलेले काळे चौकोन ओळीनं बसलेले निघाले, वरून बघितलं तर एखादं आखीव गाव वाटावं! एकदा काचेची पिक्चर ट्यूब लावून बंद केली, आणि स्क्रू ड्रायव्हर तिच्या पाठीला टेकवला. टक्! निळी ठिणगी उडाली. मी उडी मारून गोठ्याच्या दारात पोचलो.

"घाबरू नका," धनाजी म्हणाला. "बंद केल्यावरही ती बराच वेळ जागी असते."

ते वाक्य ऐकून मला का कोण जाणे, त्याच्या दुकानाच्या बंद शटरची आठवण झाली.

माझं काम रंगाचं. दुकानात हिरव्या ऑइलपेंटचा एक डबा कैक महिने पडून होता. झाकणाला गंज, आत साय. गिऱ्हाईक घेईना. घरच्या कामाला चालेल म्हणून मी तोच आणला, थिनर घालून ढवळला आणि पेटीच्या टपावर दोन हात मारले. अक्षरांना मात्र ब्रश लावला नाही, देवाच्या टाकासारखी सांभाळली. रंग चकाचक दिसत होता. फक्त वाळत नव्हता. वाळेल, म्हटलं, दिवस उन्हाचे आहेत.

तोवर गावभर झालं होतं. "चिमाजीच्या जावयानं खुराड्यात जपान काढलंय!" गायत्रीमॅडम ज्या दिवशी येणार होत्या, त्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. फुलाबाई म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या आहेत, त्या तर पेटीला हळदीकुंकू वाहायला ताट घेऊन आल्या होत्या.

गायत्रीमॅडम गाडीतून उतरल्या. तिशीच्या, जीन्स घातलेल्या, कमरेला छोटी बॅटरी. मामींनी चहा पुढं केला तर त्या म्हणाल्या, "आधी पेटी, मग चहा." पेटीभोवती एक फेरी मारली, कडा चाचपल्या, खाली वाकून बघितलं आणि कोंबडीशी नजरानजर झाल्यावर सरळ झाल्या.

"आत कुणीतरी आहे."

"मालकीण आहे," धनाजी म्हणाला. "मॅडम, आधी चालू करून दाखवतो. मग अक्षरं दाखवतो."

त्यानं बटण दाबलं. काच काळीच राहिली. मग काचेच्या मधोमध एक ठिपका उगवला, चांदणीएवढा. तो पसरला, थरथरला, आणि बघता बघता सगळी काच उजळली! निळ्या अंधारात शेकडो तारे वरून खाली वाहायला लागले, आणि तळाशी एक एवढंसं पांढरं विमान उभं राहिलं, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं. माणसांच्या चेहऱ्यांवर तो उजेड पडला. फुलाबाईंनी ताट खाली ठेवून हात जोडले. चिमाजीमामांनी डोक्यावरची टोपी काढली, आणि ते टोपी काढतात ती फक्त मयताला. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, पण मला वाटलं की आता मागून मास्तर येऊन कान धरणार!

"आई गं," गायत्रीमॅडम हळूच म्हणाल्या. हातातली बॅटरी त्या विझवायला विसरल्या होत्या.

"आता खेळायचं कसं?" मामींनी विचारलं.

"रुपया टाकायचा," धनाजी म्हणाला. टाकला, तर तो घरंगळून परत खाली आला. दुसरा टाकला, तोही. "हिला जुना जाड रुपया लागतो."

सगळ्यांनी खिसे उलटे केले. तसला रुपया एकाच माणसाकडे होता. वडिलांनी दुकान माझ्या हाती देताना दिलेला, लक्ष्मीचा म्हणून मी पाकिटाच्या आतल्या कप्प्यात जपलेला. मी हात मागे घेतला. पण अख्खं गाव माझ्याकडे बघत होतं, आणि शेवटी निम्मी पेटी माझी होती! टाकला.

टण्!

"कॉऽऽक!"

रुपया थेट खुडूक कोंबडीच्या पाठीवर पडला होता.

"आगं बया, आवाज किती खरा काढलाय!" फुलाबाई म्हणाल्या. "जपानच्या कोंबड्याबी आपल्यासारक्याच वरडत्यात की!"

धनाजीने दांडा धरला. विमान हललं, ट्याँव ट्याँव गोळ्या सुटल्या, वरून शत्रू उतरले, आणि पोटातून कोंबडी प्रत्येक गोळीला उत्तर द्यायला लागली. गर्दी बेभान! मग शत्रूचं सर्वांत मोठं विमान फुटलं. पेटी असा आवाज करून हादरली की कोंबडीचा धीर सुटला. जाळी उचकटून ती बाहेर आली, माझ्या डोक्यावर एक पाय देऊन पेटीच्या टपावर चढली आणि माझ्या न वाळलेल्या हिरव्या रंगातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली.

सगळे टपाकडे बघायला लागले. तीन रेघा पुढे, एक मागे. तीन पुढे, एक मागे. काही ठळक, काही पुसट, मध्येच एखादं तिरकं.

धनाजीने कुशीवरच्या अक्षरांकडे बघितलं. मग टपाकडे. मग माझ्याकडे. मी आभाळाकडे बघत होतो.

"तुम्ही म्हणत होतात ती जपानी अक्षरं हीच का?" गायत्रीमॅडमनी अगदी शांतपणे विचारलं.

"हीच," धनाजी म्हणाला.

"ती आता अंगणात चालतायत, दादा."

खरंच, कोंबडी खाली उतरून हिरव्या पायांनी अंगणभर लिहीत सुटली होती.

"आवं, त्याला आक्षर कोन म्हनलं?" मामी हसू आवरत म्हणाल्या. "दाराचा रंग उरला व्हता, तवा म्याच ही पेटी आडवी टाकून रंगवली. वाळायच्या आदी कोंबड्या चालून गेल्या. मला वाटलं, तुमास्नी ठाव हाय!"

शाळेत मास्तर माझी वही उंचावून म्हणायचे, "हे अक्षर आहे की कोंबडीचे पाय?" उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी कोंबडीच्या पायांना अक्षर समजलो होतो, आणि तेही चांदीची वाटी देऊन!

गायत्रीमॅडमनी मग पेटीचा निकाल सांगितला. प्लायवूड इथलंच, सुतार इथलाच, काच कुठल्याशा जुन्या टीव्हीची, आतला बोर्ड नकली. घेणारं कुणी मिळायचं नाही. धनाजी ओसरीच्या पायरीवर बसला. रत्ना त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. गर्दीतलं कुणीतरी हसलं, तर मामांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो थेट गावाबाहेरच्या धरणाच्या भिंतीपर्यंत गेला असावा.

"एक विचारू?" गायत्रीमॅडम पेटीमागून म्हणाल्या. त्यांचं डोकं आत होतं. "ही ट्यूब कुणी उठवली?"

"मी," धनाजी म्हणाला. "का? बिघडली का?"

"बिघडली? हिच्या चित्राच्या कडासुद्धा सरळ आहेत!" त्या बाहेर आल्या, केसांत एक पीस अडकलेलं. "दादा, माझ्याकडे गोदामात खऱ्या जपानी पेट्या आहेत. सगळ्या आंधळ्या. ट्यूबला हात लावणारा माणूस मी किती दिवस शोधतेय. मुंबईचे म्हणतात फेकून द्या. मी एकेक पेटी टेम्पोनं सारोळ्याला पाठवली, तर कराल?"

धनाजीने मान हलवली, इतक्या वेळा की रत्नाने शेवटी ती हातानं धरून थांबवली.

"दुकान चालू आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"चालू आहे," रत्नाच म्हणाली. "बंद कधी होतं?"

मला आनंद झाला, देवाशप्पथ झाला. पण हिशोबी माणूस तो हिशोबीच. "मामा," मी हळूच विषय काढला, "या पेटीत माझा निम्मा हिस्सा ठरलाय."

मामांनी विचार केला. "मग वरचा निम्मा धनाजीरावांचा, खालचा तुमचा. ठेव हितंच ऱ्हायील, पर खालचं झाडायचं काम तुमचं."

एवढ्यात मामी ओरडल्या, "कुनी हालवू नका रं तिला!" मी वळून बघितलं. ओट्यावर माझं नवं हेल्मेट उताणं ठेवलं होतं. त्यात ती तांबडी बया हिरवे पाय पोटाखाली घेऊन बसली होती, आणि मामी एकेक अंडं अलगद तिच्या खाली सरकवत होत्या.

"मामी, मला मोटारसायकलवर भोरला जायचंय!"

"जावा की. ती कुठं आडवतीय?"

तेव्हा आता जमाखर्च. धनाजीला काम मिळालं. दुकानाची पाटी त्यानं नव्यानं रंगवली, रंग माझ्याकडून, साडू म्हणून उधार. वॉचमनचा गणवेश दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगाला बसला. रत्नाला वाटी मिळाली. मामांची ठेव अंगणातच आहे, खेळवाला पुढल्या जत्रेला आला तर त्याला चालू स्थितीत मिळेल. कोंबडीला हेल्मेट मिळालं, आणि हेल्मेट नव्हतं म्हणून मला वाटेत चेलाडीच्या चौकात दंड झाला. "धोंड्यात जावई घेऊन येतात," आमची बायको शुभांगी म्हणाली, "तुम्ही देऊन आलात!"

परवा हेल्मेट आणायला गेलो. पिल्लं निघाली होती, पण पिल्लांना ते आवडलं होतं, म्हणून परतच निघालो. अंगणात ट्याँव ट्याँव चाललेलं. पदर खोचून मामी दांड्याशी उभ्या, समोर शत्रूची दाणादाण, आणि मागे अर्धं गाव तोंडात बोट घालून बघतंय. असा खेळ मी एसटी स्टँडमागंही बघितला नव्हता! शत्रूची विमानं हात जोडून शरण यायची तेवढी बाकी होती.

"मामी," मी थक्क होऊन विचारलं, "एवढे जुने रुपये आणता कुठून?"

मामींनी नजर न हलवता नाण्याच्या फटीतून एक दोरा ओढला. दोऱ्याच्या टोकाला माझ्या वडिलांचा, लक्ष्मीचा रुपया लोंबत होता. मधोमध भोक पाडलेला.

"येकच तर हाय," त्या म्हणाल्या. "जावयाचा रुपया, खर्चायचा कसा? आन भोक बगून जीव जाळू नका. अधिकाचं वाण हाय, भोकाचंच लागतं."

आणि त्यांनी तो परत आत सोडला. टण्!